खुर्ची दिली, पण मापाची दिली का?

परवा कुणीतरी मोठ्या कौतुकाने व्हीलचेअर वाटपाचा एक फोटो पाठवला. स्टेजवर ओळीने मांडलेल्या व्हीलचेअर, सगळ्या एकाच मापाच्या. त्यांत बसलेली माणसं मात्र लहानमोठी. देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझी नजर आधी पायांकडे जाते. कुणाचे पाय लोंबकळत होते, कुणाचे गुडघे छातीशी आले होते.

मणक्याला मार लागून कमरेखालची संवेदना गेलेला एक तरुण माझ्याकडे यायचा. दान मिळालेली खुर्ची त्याला चांगली चार बोटं रुंद होती, म्हणून तो एका अंगावर कलून बसायचा. सीट म्हणजे नुसतं ताणलेलं रेक्झिन, वर गादी नाही. सगळा भार डाव्या बाजूच्या हाडावर. आपल्याला टोचलं की आपण नकळत जरा सरकून बसतो. त्याला टोचतच नव्हतं. आईला कपड्यावर ओला डाग दिसला तेव्हा कळलं. वरून जखम नखाएवढी, आतून थेट हाडापर्यंत. पुढचे चार महिने त्याने पालथं पडून काढले. अशा जखमेतला संसर्ग रक्तात पसरला तर माणूस हातचा जातो, आणि गरीब देशांत जातोही.

म्हणून मला राग येतो. माणसांचा नाही, 'वाटप' या शब्दाचा.

हे काही आज कळलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच साधनं कमी असलेल्या देशांसाठी व्हीलचेअरची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत आठ पायऱ्या आहेत : माणसाला तपासणं, त्याचं माप घेणं, खुर्ची त्याच्या अंगाला बसवून पाहणं, ती वापरायला शिकवणं, नंतर दुरुस्ती आणि पाठपुरावा. खुर्ची हातात देणं ही त्यातली जेमतेम एक पायरी. आपण तेवढीच करतो, कारण फोटो तिचाच निघतो.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीसाठी केलेल्या खुर्चीची पुढची चाकं लहान आणि कडक असतात. वाळूत, चिखलात ती रुततात आणि माणूस तोंडावर पडतो. राल्फ हॉचकिस या अमेरिकन इंजिनिअरला हे स्वतःच्या अंगावरून कळत होतं. १९६६ मध्ये मोटरसायकलच्या अपघातानंतर तो स्वतः व्हीलचेअरवर आला. १९८० मध्ये तो निकाराग्वाला गेला, तेव्हा चार तरुण मिळून एकच खुर्ची वापरताना त्याला भेटले. त्यांच्यासारख्या वापरणाऱ्यांसोबत बसूनच त्याने पुढे खडबडीत वाटेवर चालणाऱ्या खुर्च्या घडवल्या. पुढची चाकं रुंद, मागची सायकलची, म्हणजे टायर फाटला तर सायकल दुरुस्त करणाराही तो बदलू शकतो. मला हे फार मोलाचं वाटतं. परदेशातून आलेल्या महागड्या खुर्चीचं एक बेअरिंग गेलं की ती कोपऱ्यात कपडे टाकायच्या कामाला येते. अशा खुर्च्या मी घरोघरी पाहिल्या आहेत.

जगात साधारण १३० कोटी माणसांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे सहांत एकाला. त्यातली बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. पैसा कमी आहे, मान्य. पण म्हणूनच चुकीची खुर्ची परवडत नाही. त्या चार महिन्यांच्या मलमपट्टीत मापाच्या किती खुर्च्या आणि गाद्या आल्या असत्या, याचा हिशोब कुणी मांडत नाही.

तुम्ही किंवा तुमचा ग्रुप खुर्च्या देणार असाल तर कृपा करून संख्या निम्मी करा. उरलेले पैसे गादीला, माप घेणाऱ्या प्रशिक्षित माणसाला आणि वर्षभराच्या दुरुस्तीला ठेवा. आणि खुर्ची निवडताना ती रोज वापरणाऱ्या दोघांना तरी सोबत बसवा.

त्या तरुणाची जखम भरली. मापाची खुर्ची आणि नीट गादी मिळाल्यावर तो दुरुस्ती शिकला. गेल्या महिन्यात त्याने माझ्यासमोर एका बाईंच्या खुर्चीचं अडकलेलं पुढचं चाक उघडलं, बेअरिंगमध्ये गुंतलेले केस चिमट्याने काढले, तेल घातलं. मग त्यांना विचारलं, "गादी शेवटची कधी उलटून पाहिलीत?"