शाळेला हॅकर लागलाय

देवगडकडच्या आमच्या शाळेत माझं नेमकं पद काय ते माझी ऑर्डर वाचूनही कळत नाही, पण पोरं, पालक, शिपाईमामा सगळे मला 'कॉम्प्युटर सर' म्हणतात आणि ज्याला वायर आहे तो कॉम्प्युटर असा इथला सरळ हिशोब, त्यामुळे गॅदरिंगचा माईक, इलेक्ट्रिक घंटा, खिचडीच्या खोलीतला वजनकाटा, सगळ्यांच्या पोटात माझा हात गेलेला आहे.

खरे हाल पावसाळ्यात. खारं वारं, वर ओल, सीपीयूचं झाकण काढलं की आत मुंग्यांचं वारूळ निघेल की पालीची अंडी ते उघडेपर्यंत सांगता येत नाही. मशीन नुसतं बीप बीप करायला लागलं की रॅमची पट्टी काढायची, पहिलीतल्या एखाद्या पोराकडून खोडरबर मागायचा आणि पट्टीचे सोनेरी दात घासायचे. दहातली सात मशीन यावरच चालू होतात, उरलेल्या तिनांचं बघू दिवाळीनंतर. ऑफिसातलं वायफाय लॅबपर्यंत पोचत नाही, मधे जांभ्याची दीड फुटी भिंत आहे, आणि तो राउटर बदला म्हणून मला महिन्यातून एकदा सांगितलं जातं, भिंतीला कोणी काही बोलत नाही.

तर त्या दिवशी युडायस प्लसची, म्हणजे शाळेची माहिती सरकारी वेबसाईटवर भरायची, शेवटची तारीख. २०२२-२३ पासून त्यात एकेका पोराची माहिती वेगळी भरावी लागते, त्यात आधारवर 'सावंत' आणि जनरल रजिस्टरवर 'सांवत', म्हणजे आधीच डोक्याला ताप. तेवढ्यात शिपाईमामा धावत आले, "सर, चला, ऑफिसातलो कॉम्प्युटर लाल झालो!"

स्क्रीनवर लाल त्रिकोण, कनेक्शन सुरक्षित नाही, कोणीतरी तुमची माहिती चोरत असेल वगैरे. हेडसर खुर्ची मागे सरकवून उभे, बाईंनी बँकेचं पासबुक पर्समध्ये टाकून चेन लावली.

"हॅकर लागलाय," हेडसर म्हणाले, भूत लागल्यासारखं.

"मी सांगी होतंय, त्या खोलयेत नारळ ठेवूक व्हयो," मामा.

मी खाली कोपऱ्यात बघितलं. तारीख, १ जानेवारी २००९. मदरबोर्डवर रुपयाएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, लाईट नसताना घड्याळ तोच चालू ठेवतो. तो मेला होता. आता मशीनला वाटतंय २००९ चाललंय आणि वेबसाईटचं सर्टिफिकेट, म्हणजे ती खरी असल्याचा दाखला, तर आत्ताचं, म्हणजे त्याच्या लेखी अजून जन्मालाच न आलेलं, मग ते बोंब मारणारच. तारीख हाताने दुरुस्त केली, चार पोरं भरली, लाईट गेली. यूपीएस मागच्या गणपतीतच वारलेला. लाईट आली, पुन्हा २००९. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा बाई म्हणाल्या, "२००९ मध्ये मी नोकरीला पण नव्हते हो."

सेल मिळणार देवगडात, बाहेर धो धो पाऊस, शेवटची एसटी गेलेली. आणि टेबलावर हेडसरांच्या नव्या गाडीची चावी, रिमोटवाली. मी नुसता तिच्याकडे बघत होतो, हेडसरांनी माझ्याकडे बघितलं.

"सर, पाच मिनिटं," मी म्हटलं.

आत तोच सेल! काढला, मशीनमध्ये बसवला, तारीख लावली. त्यानंतर लाईट दोनदा गेली पण तारीख हलली नाही. साडेआठला शेवटचा सांवत सावंत झाला, फॉर्म गेला. हेडसरांनी चक्क माझ्या पाठीवर हात ठेवला, चौदा वर्षांत पहिल्यांदा.

मग ते गाडीकडे गेले. सकाळी रिमोटने लॉक केलेली, रिमोट आता मेलेला, म्हणून त्यांनी साधी चावी दारात घालून फिरवली आणि गाडीला वाटलं चोर आला.

तो भोंगा अख्ख्या वाडीने ऐकला. लोक बॅटऱ्या, काठ्या घेऊन पडवीत आले, कुत्रे वेगळेच सुरू, आणि त्या सगळ्या गदारोळात हेडसर भर पावसात छत्री उलटी झालेल्या अवस्थेत ओरडत होते, "कॉम्प्युटर सर! ओ कॉम्प्युटर सर!"