नव्या कार्डाचे गचके

पन्नाशीला टेकलेल्या माणसाने कॉम्प्युटरवर गेम खेळू नयेत असा कायदा नाही, पण लोकांच्या चेहऱ्यावर तो स्पष्ट वाचता येतो. मी खेळतो. तेही बंदुका, राक्षस वगैरे नाही. युरोपातल्या रस्त्यांवर मालवाहू ट्रक चालवायचा गेम. डोंबिवलीकरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. शिळफाट्याला ज्याची गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, त्याला रात्री जेवणानंतर जर्मनीच्या ऑटोबानवर ऐंशीने ट्रक हाकायला मिळाला, तर ब्लडप्रेशरची गोळी अर्धी करायला हरकत नाही. (डॉक्टरांची आहे.)

माझं मशीन २०१७ चं. प्रोसेसर आय-फाइव्ह ७४००, चार कोअर, चार थ्रेड. स्क्रीनवरचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, चार जीबीचं. सेकंदाला चाळीस-पंचेचाळीस फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळायच्या आणि माझी काही तक्रार नव्हती. मग गेमला अपडेट आलं, झाडांना पानं जास्त फुटली, पावसात रस्ता चकाकायला लागला आणि फ्रेम तिशीवर आल्या. भाचा हिंजवडीत आयटीत आहे. तो म्हणाला, "मामा, कार्ड बदल. मशीन नुसतं पळेल." विकत घेऊन सुटत नाही अशी अडचण या मुलाने अजून पाहिलेली नाही.

लॅमिंग्टन रोडला गेलो आणि बोनसमधले तीसेक हजार मोजून आरटीएक्स ४०६० घेतलं. ग्रँट रोडहून स्लो पकडून दादर, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वे, आणि गर्दीत तो खोका मी दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. माझा चेहरा पाहून एका तरुणाने उठून जागा दिली. आत अस्थी आहेत असंच त्याला वाटलं असणार. मीही खुलासा केला नाही. ठाण्याच्या आधी बसायला मिळत असेल तर कुणी खुलासे करत नाही.

बसवणं सोपं गेलं. जुनं कार्ड ज्या खाचेत बसतं त्या स्लॉटमधूनच वीज घ्यायचं, जास्तीत जास्त ७५ वॉट. हे नवं ११५ वॉटचं, त्याला वेगळी आठ पिनांची वायर लागते. ती पॉवर सप्लायपासून निघून २०१७ पासून कॅबिनेटच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या पट्टीने बांधून पडली होती. पट्टी कापली, वायर खटकन बसली, कार्डावरचे दिवे लागले. बायको म्हणाली, "छान. दिवाळीला कंदील नको आता."

आणि मग ट्रक सुरू केला.

मोकळ्या हायवेवर सत्तर फ्रेम! मी आनंदाने हॉर्नसुद्धा वाजवला. पण पंधरा-वीस मिनिटांनी शहर जवळ आलं आणि ट्रक गचके खायला लागला. फ्रेम सत्तरवरून पंधरावर, परत पन्नास, परत बारा. ट्रक पुलाच्या अलीकडे दिसायचा आणि पुढच्या क्षणी थेट कठड्यात. जुन्या कार्डावर हाच पूल मी बोलत बोलत पार करत असे. तीस हजार घालून शिळफाटा घरात आणला होता.

भाच्याला फोन केला. "मामा, ड्रायव्हर क्लीन कर. डीडीयू चालव, सेफ मोडमध्ये." ड्रायव्हर म्हणजे ट्रकचा नव्हे, विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर; आणि डीडीयू म्हणजे जुन्या ड्रायव्हरचं नामोनिशाण पुसून टाकणारा प्रोग्राम. तो चालवला. ड्रायव्हर गेला की स्क्रीनवरची अक्षरं चांगली ठसठशीत होतात, एकेक आयकॉन पोळपाटाएवढा. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "हे किती बरं केलंत! चष्म्याशिवाय वाचता येतंय. असंच राहू द्या." सुधारणा झाली असं घरात कुणी म्हणण्याची ही पहिली आणि शेवटची वेळ. नवा ड्रायव्हर टाकला, अक्षरं बारीक झाली, गचके होते तिथेच.

मग मी स्वतः अभ्यासाला लागलो, आणि ते सगळ्यात वाईट. जीपीयू-झेड नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर कार्डाची कुंडली दाखवतं. त्यात दिसलं की स्लॉट सोळा लेनचा (लेन म्हणजे माहितीची ये-जा होण्याच्या वाटा), पण कार्ड आठच लेनवर चाललंय. मला घाम फुटला. अर्ध्या लेन बंद! कार्ड काढलं, पिना खोडरबराने पुसल्या, परत बसवलं. आठच. दुसऱ्यांदा काढलं. आठच. दुकानात फोन लावला. तिकडून दमलेला आवाज आला, "अंकल, वो कार्ड ही आठ का है." खरं होतं. ४०६० ला जन्मतःच आठ लेन असतात, सोळाच्या स्लॉटात बसवलं तरी ते आठच वापरतं. माझ्या मदरबोर्डाचा, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीचा, स्लॉट जुन्या तिसऱ्या पिढीचा असल्याने त्या आठ लेनही निम्म्या वेगाच्या, पण तेवढ्याने कुणी पुलाच्या कठड्यात जात नाही.

शेवटी स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दाखवणारं एक सॉफ्टवेअर टाकलं, आणि खरा घोळ समोर आला. शहरात शिरलं की कार्डाचा वापर तीस-पस्तीस टक्के आणि प्रोसेसरचा शंभर. तीस हजारांचं कार्ड निवांत बसलेलं, आणि बिचारा म्हातारा प्रोसेसर तोंडाला फेस येईतो धावतोय.

मी सरकारी कचेरीत असल्याने हे मला लगेच उमजलं. एखाद्या विभागात संथ साहेब असतो. दिवसाला दहा फायलींवर सही करणारा. त्याच्या हाताखालचा कारकून दहा फायली तयार करतो, चहा पितो, संसार करतो. मग बदली होऊन तडफदार साहेब येतो. त्याला ताशी दहा फायली पाहिजेत. सही करायला तो पेन उघडून बसलेला, आणि कारकून मात्र घामाघूम. बाहेरून बघणारा म्हणतो, नवा साहेब आल्यापासून कामं तुंबली. साठ फ्रेम पाहिजेत तर दर फ्रेममागे सोळा-सतरा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात कुठली गाडी कुठे वळली, सिग्नल लाल की हिरवा, हा सगळा हिशेब प्रोसेसरने मांडायचा. कार्ड फक्त चित्र काढतं. जुनं कार्ड इतकं हळू होतं की प्रोसेसरला मध्ये मध्ये दम खायला मिळायचा. तो दम मी पैसे देऊन काढून घेतला होता.

पण एवढ्याने सत्तरचे बारा होत नाहीत. पन्नास होतील, चाळीस होतील. उत्तर सापडलं शेजारच्या काकांना. ते साखर मागायला आले होते. पूर्वी त्यांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी कॅबिनेटच्या मागे तळहात धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आतला पंखा बोंबलतोय, पण हवा बाहेर येत नाहीये. तापमान बघा." बघितलं. प्रोसेसर शंभर अंशांवर. एवढा तापला की तो जीव वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. तीन गिगाहर्ट्झच्या वर पळणारा गडी दीडवर आला होता. जुन्या कार्डाच्या काळात पूर्ण ताकद लावायची वेळच येत नसल्याने हे कधी उघडकीस आलं नव्हतं.

प्रोसेसरचा पंखा उचकटला. चार कोपऱ्यांना चार प्लास्टिकच्या खुंट्या. त्या निघताना मदरबोर्ड ज्या प्रकारे वाकतो ते हृदयरोग्यांनी पाहू नये. पंख्याखाली धुळीचा थर होता. नुसती धूळ असती तर फुंकरीने गेली असती. आमचं मशीन स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या मधल्या भिंतीला. सात-आठ वर्षांची फोडणी आणि उदबत्ती मिळून त्या धुळीचा चिकट, करडा, सुवासिक गोळा झाला होता. काकांनी चिमट्याने उचलला तर अखंड निघाला, जिऱ्या-मोहरीच्या वासासकट. खाली प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारी थर्मल पेस्ट होती, तिचा खपला पडत होता. ती स्पिरिटने पुसली, नवी लावली. किती लावायची यावर इंटरनेटवर दोन पंथ आहेत, तांदळाच्या दाण्याएवढी आणि वाटाण्याएवढी. काका म्हणाले, "तुरीएवढी लावा आणि विषय मिटवा."

तापमान सत्तरवर आलं. बारा फ्रेमचे गचके गेले. शहरात पंचावन्न, हायवेवर ऐंशी-पंच्याऐंशी. कार्ड अजूनही पूर्ण राबत नाही. त्याला राबवायचं तर प्रोसेसर बदला. नव्या पिढीचा प्रोसेसर घ्यायचा तर तो बसतो ते सॉकेट वेगळं, म्हणून मदरबोर्ड. तसंही सातव्या पिढीच्या या आय-फाइव्हला विंडोज ११ अधिकृतपणे घरात घेत नाही. ही यादी भाचा फोनवर म्हणत असताना बायको शेजारी बसून बेरीज करत होती. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"आणि मामा, तुझा मॉनिटर किती हर्ट्झचा?"

मॉनिटर मशीनबरोबरचाच. साठ. म्हणजे कार्डाने ऐंशी फ्रेम काढल्या काय आणि आठशे काढल्या काय, हा सेकंदाला साठच दाखवणार. मी गेममध्ये साठची मर्यादा घातली. कार्डाचा पंखा बऱ्याचदा बंदच राहायला लागला, प्रोसेसर थंड, ट्रक लोण्यासारखा.

तासाभरात भाच्याकडून १४४ हर्ट्झच्या मॉनिटरच्या लिंका यायला लागल्या. त्याला सध्या म्यूट केलंय. काकांना मात्र स्टिअरिंग घेऊन दिलंय. ते रोज नऊ वाजता साखर मागायला येतात.