ठिपके आणि मोकळी जागा: एका प्रतिक्रियेला उत्तर

जगाच्या नकाशावरच्या ठिपक्यांतून वृत्तपत्रांची पहिली पाने दाखवणाऱ्या उपक्रमावरील माझ्या लेखाबद्दल आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप दोन आहेत. नकाशावर युरोप-अमेरिकेत ठिपक्यांची दाटी आणि आफ्रिकेचा बराच भाग मोकळा दिसत असताना मी त्याला ‘जगभरची वृत्तपत्रे’ म्हटले, हा पहिला. आणि जी भाषा येत नाही तिच्यातले पहिले पान पाहणे म्हणजे निव्वळ वेळ दवडणे, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. किंबहुना दोष आपण म्हणता त्याहून मोठा आहे. हा नकाशा ज्याचा आहे तो वॉशिंग्टनच्या ‘न्यूझियम’ संग्रहालयाचा पहिल्या पानांचा उपक्रम (संग्रहालय ३१ डिसेंबर २०१९ रोजी बंद झाले, उपक्रम फ्रीडम फोरम या संस्थेने चालू ठेवला) वृत्तपत्रांनी पाठवलेल्या पानांवरच चालतो. ज्यांनी पान पाठवले नाही, ती त्या नकाशापुरती नसल्यातच जमा. शिवाय ठिपका पडतो तो प्रकाशनाच्या गावावर, वाचकांच्या गावांवर नव्हे. त्यामुळे जगातील सर्वाधिक खपाच्या दैनिकांत गणले जाणारे जपानचे ‘योमिउरी शिम्बुन’ही टोकियोवरच्या एका खुणेत मावू शकते. दुसऱ्या एका नकाशाचेही तसेच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या, १६९० ते २०११ या काळातील अमेरिकी वृत्तपत्रांच्या नकाशाची सुरुवात ज्या वर्षापासून होते, त्या वर्षी बॉस्टनमध्ये ‘पब्लिक ऑकरन्सेस’ निघाले आणि परवाना नसल्याने पहिल्याच अंकानंतर सरकारने ते बंद पाडले. ही हकिगत ठिपक्यावरून कळायची नाही.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. जपानी दैनिकाचे पान उघडल्यावर वृत्तपत्राचे नाव उजव्या कोपऱ्यात उभे छापलेले दिसते, मजकूर वरून खाली उतरतो आणि ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात. अशा पानाची सुरुवात कुठून होते, हे एक अक्षर न वाचताही उमगते. त्यानंतर कोणत्या बातमीला किती जागा दिली, कोणते छायाचित्र अंकाच्या मधल्या घडीच्या वर आले आणि कोणते खाली ढकलले गेले, हे पाहता येते. १२ सप्टेंबर २००१ ची पाने शेजारी ठेवून पाहावीत: न्यूयॉर्कचे जळते मनोरे बहुतेक ठिकाणी आहेत, पण त्यांच्यासोबत पानावर आणखी काही ठेवायचे की नाही, याचा निर्णय प्रत्येक संपादकाने आपापला घेतला. वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर सगळी बातमी मिळते, हे आपले म्हणणे खरेच आहे. फक्त हा निर्णय तिथे दिसत नाही.

मूळ लेखातील ‘जगभरची वृत्तपत्रे’ हे शब्द काढून मी ‘नकाशात सामील झालेली वृत्तपत्रे’ असे केले आहे.