ठिपका मधोमध, म्हणून डोळे सरळ?

मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: मुलाचा फ्लॅश लावून फोटो काढा. फ्लॅशचा चमकता ठिपका दोन्ही बाहुल्यांत मधोमध असेल तर डोळे सरळ. सरकलेला असेल तर मिलिमीटरमागे 7 अंश तिरळेपणा. थोडा असला तरी वाढत्या वयात आपोआप जातो.

ठिपक्याची युक्ती खरी आहे. बर्लिनच्या युलियस हिर्शबर्ग यांनी ती एकोणिसाव्या शतकातच मांडली, आणि तान्ह्या बाळांना आजही तशीच बॅटरी दाखवून तपासतात. भांडण पुढच्या वाक्यांशी आहे.

मधोमध? सरळ डोळ्यांतही ठिपका बहुधा नाकाकडे जरासा झुकलेला असतो. दोन्हीकडे तो सारख्याच जागी आहे ना, एवढंच बघायचं. बसक्या, रुंद नाकामुळे नुसतीच तिरळी वाटणारी बाळं यातूनच सुटतात.

7 अंश हा जुना ढोबळ आकडा. नंतर फोटोंवर मोजलं तेव्हा तो 12च्या आसपास निघाला. मोबाइलवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालात, तर 6 अंश गेले.

सगळ्यात घातक आहे ते ‘डोळे सरळ’. अधूनमधून बाहेर जाणारा डोळा फोटोच्या क्षणी नेमका जागेवर असतो, कारण लक्ष देऊन बघताना मेंदू दोन्ही डोळे जुळवून धरतो. तोच डोळा दमल्यावर सुटतो. शिवाजी पार्कात उन्हात खेळताना असं मूल एक डोळा मिटून घेतं. असा तिरळेपणा पकडायचा तर डोळा झाकून बघावं लागतं. मूल चित्राकडे बघत असताना एक डोळा झाका, लक्ष उघड्या डोळ्यावर ठेवा. तो बाहेरून आत सरकला, तर आधी बाहेर वळलेला होता. आळीपाळीने झाकलं की दबलेला तिरळेपणाही उघडा पडतो. दवाखान्यात याच्याच जोडीला डोळ्यापुढे वाढत्या ताकदीचे प्रिझम, म्हणजे किरण वळवणाऱ्या पाचरीसारख्या काचा, धरतात. ज्या प्रिझमला हालचाल थांबते, ते माप. 1 मीटरवर किरण 1 सेंटिमीटर सरकवणारा प्रिझम म्हणजे 1 प्रिझम डायॉप्टर. मोजणी जवळून आणि 6 मीटरवरून, दोन्ही. (मुंबईत 6 मीटरची खोली कुणाकडे असते? दवाखानेही आरसा लावून अंतर दुप्पट करतात.) फोटो मात्र हातभरावरून काढलेला. शिवाय दिव्याकडे बघायला फोकसचा जोर लागत नाही. जास्त प्लस नंबरच्या काही मुलांचा डोळा बारीक चित्र बघतानाच आत वळतो, आणि बऱ्याचदा चष्म्याने सरळ होतो.

आपोआप जातो, हे पहिल्या तीन-चार महिन्यांतल्या भरकटण्यापुरतं ठीक. पुढे वळलेल्या डोळ्याचं चित्र मेंदू नाकारू लागतो आणि त्याची नजरच कच्ची राहते. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावण्याचा उपचार लहान वयात सर्वांत चांगला लागू पडतो. थांबण्यात तेच वय निघून जातं.

फोटो काढा, खुशाल काढा, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतात. पण एखाद्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर ठिपके मोजत बसू नका. डोळ्यातल्या गाठीचंही ते लक्षण असू शकतं. केईएम, नायर, जे.जे., जे जवळ असेल तिथल्या डोळ्यांच्या ओपीडीत लगेच घेऊन जा.