अ‍ॅलर्जीची गोळी पित्त ‘आत दाबत’ नाही

“अंगावर पित्त उठलं तर अ‍ॅलर्जीची गोळी घेऊ नका. पित्त आत दबतं आणि पुढे दुपटीने उफाळतं. गोळीची सवय लागते. त्यापेक्षा साधी पेनकिलर घ्या, सूज उतरते.” हा मेसेज मला आठवड्याभरात तिघांनी पाठवला. तीन वर्षं माझ्या अंगावर जवळपास रोज पित्ताच्या खाजऱ्या गांधी उठत होत्या, त्यामुळे तो वाचून गप्प बसवेना.

‘आत दबतं’ : त्वचेतल्या मास्ट पेशींमधून (या शरीराच्या संरक्षणयंत्रणेतल्या पेशी) हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं. ते बारीक रक्तवाहिन्यांवरच्या एच-१ ग्राहींना, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागांना, चिकटलं की वाहिन्या पाझरतात आणि गांधी उठते. मज्जातंतूंपर्यंत पोचलं की खाज सुटते. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या गोळ्या त्याच ग्राहींवर हिस्टामिनची जागा अडवतात. आत काही ढकलत नाहीत. मी मांडीवर गांधीभोवती पेनने गोल काढून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी गोल रिकामा आणि नवी गांधी भलतीकडेच. साधी गांधी २४ तासांच्या आत आपली आपण विरते. गोळी थांबवल्यावर पुन्हा उठली, तर आजार अजून सरलेला नाही एवढंच. मात्र तीच गांधी तिथेच टिकली, दुखली, जाताना डाग ठेवून गेली, तर डॉक्टरांना दाखवा. ते दुखणं वेगळं असू शकतं.

‘सवय लागते’ : व्यसन लागत नाही. पण यात एक खरी गोष्ट आहे, ती झाकणार नाही. सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन बरेच महिने रोज घेऊन एकदम सोडल्यावर काहींना आधी नव्हती अशी भयंकर खाज सुटते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये तसा इशारा दिला, तेव्हा त्यांच्याकडे जगभरातल्या २०९ नोंदी होत्या. गोळी घेणाऱ्यांच्या संख्येपुढे हे विरळच. तरीही बंद करायची तर डॉक्टरांना विचारून.

‘पेनकिलर घ्या’ : या ओळीचा मला खरा राग आहे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं शरीरातली जी वाट अडवून दुखणं कमी करतात, त्याच वाटेवर मास्ट पेशींना आवर घालणारं एक रसायन, एक प्रोस्टाग्लँडिन, तयार होतं. ते घटतं, सूज वाढवणारी ल्युकोट्राइन्स ही रसायनं वाढतात, आणि जुनाट पित्त असलेल्या बऱ्याच जणांच्या गांधी आणखी भडकतात. कंबर धरली म्हणून घेतलेल्या एका डायक्लोफेनॅकनंतर माझे ओठ सुजले होते. कोडीन आणि मॉर्फिन ही अफूच्या जातीची पेनकिलर तर मास्ट पेशींना थेट चेतवतात, त्याला अ‍ॅलर्जी असावी लागत नाही. पेनकिलरने गांधी भडकणाऱ्यांपैकी बहुतेकांना पॅरासिटामॉल चालतं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. एनालाप्रिल, रॅमिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही ओठ-जीभ सुजते, कधी कधी गोळी सुरू होऊन वर्षं उलटल्यावर. ती सूज हिस्टामिनची नाही, ब्रॅडिकायनिन या दुसऱ्याच रसायनाची असते. खाज नसते, गांधी नसतात, आणि अ‍ॅलर्जीची गोळी तिथे उपयोगाची नाही. घसा आवळत असेल, श्वास लागत असेल, चक्कर येत असेल, तर कारण कुठलंही असो, गोळीची वाट न बघता तडक रुग्णालय गाठा. तीव्र अ‍ॅलर्जीत पहिलं औषध मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन.