पट्ट्यानं धार येत नाही, आलेली धार सरळ होते

“वस्तरा दगडाला लावायचा नसतो, पातं झिजतं. रोज चामडी पट्ट्यावर जोर देऊन घासा, पट्टा नसेल तर कपाच्या बुडावर घासा. धार नखावर बघा. गालावर ओढ लागली तर वस्तरा जरा उभा धरा. आयुष्यभर धार जात नाही.” सोलापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवरून हा मजकूर फिरतोय. वर ‘पूर्वीचे न्हावी असंच करायचे’ अशी पुस्तीही आहे. पुस्तीसुद्धा चूकच. जुन्या धोकटीत वस्तऱ्यासोबत धार लावायचा दगड असायचाच.

आधी एक घोळ निस्तरू. नवी पेठ असो की सात रस्ता, सलूनमध्ये आज दिसतो त्या वस्तऱ्यात अर्धं ब्लेड घालतात आणि गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदलतात. त्याला पट्टाही नको आणि दगडही नको. पुढचं सगळं अखंड पोलादी पात्याच्या, घडी होणाऱ्या वस्तऱ्याबद्दल आहे.

दगडानं पातं झिजतं हे खरं आहे. झिजल्याशिवाय धार येतच नाही. साधा चामडी पट्टा पोलाद जवळजवळ काढत नाही. दाढी करताना इकडेतिकडे वाकलेली कड तो सरळ करतो आणि तिच्यावरची ओल नि साबण पुसून घेतो. पण कड नुसती वाकत नाही, तिचे टवकेही उडतात. केस पोलादापेक्षा पन्नासेक पट मऊ, तरी हे कसं होतं, ते अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. केस कापला जाताना वाकला, की ठरावीक परिस्थितीत कडेचा बारीक कण तुटतो. तुटलेली जागा पट्टा कशानं भरणार? तिथं दगडानंच मागचं ताजं पोलाद पुढं आणावं लागतं.

मात्र तेही ऊठसूट नाही. रोज दाढी करणाऱ्यानं साधारण दोन-तीन महिन्यांनी, ओढ जाणवायला लागली की, १२००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) पाण्यासोबत दहा-पंधरा फेऱ्या दिल्या तरी भागतं. १००० पासून सुरू करून ४०००, ८००० आणि १२००० असं चढत जायचं ते डोळ्याला टवके दिसत असतील किंवा आधी कुणी धार बिघडवली असेल तरच. पातं पाठ आणि धार दोन्ही टेकवून आडवं ठेवायचं. १९ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ साधारण ५ मिलिमीटर जाड असते. दोन्ही टेकले की धारेचा कोन आपोआप १५ अंशांच्या आसपास बसतो. पाठ उचलली की तो गेला. दगडही सपाट हवा. त्यावर पेन्सिलीच्या रेघा मारून सपाट करायच्या प्लेटवर घासा, मधल्याच रेघा उरल्या तर दगडाला खळगा पडलाय. दगडावर धार पुढं चालते, पट्ट्यावर पाठ पुढं. हे उलटं झालं तर पट्टा कापला जातो.

मजकुरातला सगळ्यात घातक शब्द ‘जोर’. जोर दिला की पट्टा खाली दबतो, पात्यामागून वर उठतो आणि धारेला वळसा घालतो. कड गोल होते. मग माणूस म्हणतो, धार कमी पडली, अजून घासू. आणि अजून गोल करतो. पट्टा ताणून धरायचा, वस्तऱ्याच्या वजनाएवढाच भार द्यायचा आणि टोकाला पोचल्यावर पातं पाठीवर पलटायचं, धारेवर कधीच नाही. दाढीआधी पट्ट्याच्या कापडी बाजूवर वीस-तीस आणि चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या पुरतात. सुरुवातीला सावकाश फिरवा. घाई केली तर पट्टा चिरतो आणि धारही जाते.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी होते आणि चामडं कडक पडतं. वापरण्याआधी ते तळहातानं चांगलं चोळून घ्या, हाताची ऊब आणि तेलकटपणा बहुतेक वेळा पुरतो. उघड्यावर टांगलेल्या पट्ट्यावर बारीक धूळ बसते आणि धारेला ओरखडे काढते, म्हणून पट्टा कपाटात लटकवा.

कपाचं बूड स्वयंपाकघरातल्या सुरीला चालेल. त्याची न चकाकणारी कडा अरुंद, गोलसर आणि ओबडधोबड असते. तिच्यावर पाठ आणि धार एका पातळीत टेकत नाहीत, पातं डुलतं, टवके उडतात.

नखावर धार बघायचीच नाही, कारण बघता बघता ती बिघडते. मनगटावरचा केस कातडीला न टेकता, मिलिमीटरभर वरून कापला जातो का ते पाहा. खरी परीक्षा गालावरच होते.

आणि गालावर ओढ लागली म्हणून वस्तरा उभा धरणं म्हणजे कापायचं सोडून खरवडणं. पातं कातडीशी तीसेक अंशांत ठेवा, दुसऱ्या हातानं कातडी ताणा. दाढी दोन-तीन मिनिटं गरम पाण्यानं भिजलेली हवी. तरीही ओढ राहिली तर पट्टा, मग दगड. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस लवकर बसतो, त्यामुळं धार चांगली असूनही ओढल्यासारखं वाटतं. फेसासाठी पिण्याचं पाणी वापरून आधी फरक बघा.

‘आयुष्यभर’ धार टिकण्याबद्दल म्हणाल, तर बिनगंजाचं पोलाद नसेल तर एका ओल्या रात्रीत डाग पडतो. दाढीनंतर पातं मऊ सुती कापडानं पाठीकडून धारेकडे पुसा. आपला सोलापुरी टॉवेल अंगाला झकास, पण त्याच्या फासांत कड अडकते. तुरटीचा हात पात्याला लावू नका, तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. पट्ट्याच्या कापडी बाजूवर पाच-दहा फेऱ्या दिल्या की कडेवरची उरलीसुरली ओल जाते. काही दिवस वापरायचा नसेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या आणि एक थेंब पातं ज्यावर घडी होतं त्या खिळ्यापाशी सोडा. खोबरेल नको, ते जानेवारीच्या थंडीत गोठतं आणि पुढं खवट होतं. चामड्याच्या म्यानातही कोंडू नका, चामडं ओल धरून ठेवतं. न्हाणीघराबाहेर, कोरड्या खणात ठेवा.