वेको: हरवलेले दार आणि सहा वर्षे उशिरा आलेली कबुली

टेक्सासमधील वेको शहराजवळ 1993 साली जे घडले, त्याविषयी बोलताना माणसे पहिल्या पाच मिनिटांतच दोन बाजूंना जाऊन बसतात. एका बाजूच्या मते ब्रँच डेव्हिडियन या धर्मपंथाचा नेता डेव्हिड कोरेश याने स्वतःच्याच अनुयायांना आगीत लोटले, तर दुसरीच्या मते सरकारने एक धर्मपंथ जिवंत जाळला. माझे मत दोन्हींना रुचणारे नाही. पुरावे वाचल्यावर आग आतूनच लागली असे मला वाटते. आणि सरकारी कथनावरचा अविश्वास सरकारने स्वतःच्या हाताने ओढवून घेतला, असेही वाटते.

28 फेब्रुवारीच्या सकाळी एटीएफ या बेकायदा शस्त्रांवर कारवाई करणाऱ्या अमेरिकी केंद्रीय यंत्रणेचे सुमारे 76 एजंट गुरांच्या ट्रेलरमध्ये लपून ब्रँच डेव्हिडियन पंथाच्या माउंट कार्मेल या वास्तूवर आले. वॉरंट बेकायदा शस्त्रांसंबंधी होते, श्रद्धेसंबंधी नव्हते, हे पंथाची बाजू घेणारे बरेचदा विसरतात. पण रस्ता न सापडलेल्या एका टीव्ही कॅमेरामनने वाटेत ज्या पोस्टमनला पत्ता विचारला, तो नेमका त्याच पंथाचा निघाला आणि छाप्याची वार्ता आधीच आत पोहोचली. पंथात वावरणाऱ्या गुप्त एजंटने बाहेर येऊन, कोरेशला सुगावा लागला आहे, असे वरिष्ठांना कळवले. तरीही छापा पुढे रेटला गेला. एटीएफ तेव्हा ज्याच्या अखत्यारीत होती, त्या ट्रेझरी (अर्थ) खात्याच्या स्वतःच्या अहवालाने त्याच वर्षी या निर्णयावर ताशेरे ओढले आणि नंतर अधिकाऱ्यांनी त्याबाबत दिशाभूल केल्याचेही नोंदवले.

पहिली गोळी कोणी झाडली, हा वाद मला सर्वांत अस्वस्थ करतो. त्या दिवशी चार एजंट आणि पंथाचे सहा जण मेले. दारामागून आमच्यावर गोळीबार झाला, असे एजंट सांगतात. कोरेश दारात बोलायला आला असतानाच बाहेरून गोळ्या आल्या, असे वाचलेले अनुयायी सांगतात. गोळीबार चालू असताना पंथातील एका वकिलाने 911 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून आत बायका-मुले आहेत, हे थांबवा, असे ओरडून सांगितल्याची ध्वनिफीत उपलब्ध आहे. ती ऐकून अंगावर काटा येतो, पण सुरुवात कोणी केली हे तीही सांगत नाही. सांगू शकला असता तो पुढचा धातूचा दरवाजा. छाप्यानंतर एफबीआयने घातलेल्या वेढ्याच्या काळात आत जाऊन आलेल्या बचावाच्या वकिलांनी, त्यावरील बहुतेक छिद्रे बाहेरून आत गेलेली होती, अशी साक्ष दिली. त्या जोडदारापैकी उजवे दार जप्त झाले, डावे सापडलेच नाही. यावरून लगेच कट सिद्ध होत नाही. पण इतका मोलाचा पुरावा सरकारच्या ताब्यातील जागेतून नाहीसा झाला, तर संशय घेणाऱ्याला वेडे ठरवता येत नाही.

51 दिवसांच्या वेढ्यानंतर 19 एप्रिलला एफबीआयने चिलखती वाहनांनी भिंती फोडून आत अश्रुधूर सोडला. दुपारी बाराच्या सुमारास आग भडकली आणि सुमारे 25 मुलांसह 76 जण मेले. वीज तोडल्यामुळे आत कंदील जळत होते आणि वाहनांच्या धडकेने ते कलंडले, असे काही अनुयायी म्हणतात. पण आग जवळजवळ एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी लागली आणि एफबीआयने लपवलेल्या मायक्रोफोनवर इंधन ओतण्याविषयीचे बोलणे नोंदले गेले. या दोन गोष्टी माझ्या लेखी कंदिलाच्या कथेपेक्षा वजनदार आहेत.

तरीही ऑगस्ट 1999 पर्यंत एफबीआयने एक गोष्ट दडवून ठेवली: त्या सकाळी पेट घेऊ शकणारी काही अश्रुधुराची नळकांडीही वापरली होती. तशी नळकांडी वापरू नयेत, असे ॲटर्नी जनरल जॅनेट रेनो यांनी बजावले होते. या प्रकरणासाठी नेमलेले विशेष वकील जॉन डॅनफोर्थ यांच्या चौकशीने 2000 साली निष्कर्ष काढला, की ती मुख्य इमारतीपासून दूर, आगीच्या सुमारे चार तास आधी झाडली गेली होती आणि आगीशी त्यांचा संबंध नव्हता. मला हा निष्कर्ष पटतो. पण मग लपवले कशाला? 1993 मध्येच सांगितले असते, तर तो अहवालातील एखादा परिच्छेद ठरला असता. सहा वर्षांनी बाहेर आल्यावर त्याच चौकशीला 19 एप्रिलला विमानातून घेतलेल्या अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) चित्रफितीतील चमका सरकारी गोळीबाराच्या आहेत की सूर्यप्रकाशाच्या, हे तपासण्यासाठी फोर्ट हूड या लष्करी तळावर प्रत्यक्ष प्रयोग करावा लागला. चमका गोळीबाराच्या नव्हत्या, असे त्यातून निघाले, आणि ज्यांचा विश्वास आधीच उडाला होता, त्यांनी तेही मान्य केले नाही.